कार्ड स्वस्त, पुरावा महाग

टपालाचे दर वाढले की निषेधाचा ठराव करायचा, ही आपल्या चळवळीची फार जुनी सवय आहे. त्या ठरावात पोस्टकार्डाचा उल्लेख हमखास असे, आणि तो योग्यही होता. कारण ज्याच्याजवळ दुसरे कोणतेही साधन नाही त्याचे साधन म्हणजे कार्ड, अशी त्या काळची वस्तुस्थिती होती. पण सवयीचा एक तोटा असा की, पूर्वी जिथे मार बसत होता तिथेच आपण हात धरून बसतो आणि नवा मार दुसरीकडे बसला तर तो लवकर ध्यानात येत नाही. गेल्या काही वर्षांत नेमके हेच झाले आहे. कार्डाची किंमत दोन दशकांहून अधिक काळ ५० पैशांवर स्थिर आहे, साधे पाकीट ५ रुपयांवर आहे, म्हणून आपण स्वस्थ होतो. दरम्यान २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा संपुष्टात आली, ती स्पीड पोस्टात विलीन करण्यात आली. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाचे नवे दर लागू झाले. जे रजिस्टर पत्र २६ रुपयांच्या आत जात होते, ते परगावी पाठवायचे तर आता ४७ रुपये, शिवाय ज्याच्या नावे असेल त्याच्याच हाती पडावे म्हणून नोंदणीचे ५ रुपये, आणि या सगळ्यावर कर, असे साठ रुपयांच्या वर जाते. यावर आपल्याकडे एकही सभा झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हा विषय मला सुचला तो काही अर्थसंकल्प वाचताना नव्हे. निमगाव केतकी हे इंदापूर तालुक्यातले माझे गाव. पुण्याबाहेर गावाचे नाव कोणी ऐकले असेल तर ते विड्याच्या पानांमुळे, नाहीतर तुकोबांची पालखी येथे मुक्कामाला असते त्यामुळे. १९७२ च्या सुमारास मी शाळकरी पोर होतो. पालखी आली की आमच्या ओट्यावर वारकरी टेकत, आणि हस्ताक्षर बरे म्हणून घरचे मला दौत-टाक घेऊन पुढे बसवत. दहा पैशांचे कार्ड वारकऱ्याने कमरेच्या पिशवीतून जपून काढायचे आणि मी लिहायचे. मजकूर बहुधा एकच असे : आम्ही सुखरूप आहोत, गावाकडे पाऊस झाला की नाही ते कळवा, म्हशीकडे लक्ष द्या. एका म्हाताऱ्याने मला उत्तराचा पत्ता म्हणून पंढरपुरातल्या एका मठाचे नाव सांगितले होते. मी त्याला विचारले, ‘बाबा, तुम्ही पोचाल तेव्हा कार्ड पोचलेले असेल का?’ तो म्हणाला, ‘आमच्या आधी पोचतंय बघ ते. त्याला कुठं रिंगण धरायचंय!’

आज वारकऱ्याच्या हातात मोबाइल आहे. पाऊस झाला की नाही हे त्याला चालता चालता, चित्रासह, कळते. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. पत्रलेखन ही एक कला होती, ती लोपली, असे उसासे टाकणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. ते लिहिणाऱ्यांनीही गेल्या वर्षात किती पत्रे टाकली हे त्यांनाच विचारावे. मला विचाराल तर वर्षभरात माझ्या हातून सातआठ पत्रे गेली असतील. मुलीशी बोलणे फोनवर होते, नातवाची खुशाली पडद्यावर दिसते. पानमळेवाल्यांना पूर्वी अडत्याची पट्टी आणि बाजारभाव टपालाने येई. आता सकाळी उठायच्या आत भाव कळतो. कोकणातील खेडीच्या खेडी ज्या मनिऑर्डरीवर जगली, तिचे काम बँकेच्या खात्याने घेतले. तार १४ जुलै २०१३ ला शेवटची स्वीकारली गेली. ख्यालीखुशालीचे टपाल गेले ते गेले, आणि ते कोणत्याही दराने परत येणार नाही. कार्ड फुकट वाटले तरी येणार नाही. तेव्हा टपालाच्या दराचा प्रश्न हा स्मरणरंजनाचा प्रश्न नव्हे, एवढे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

मग दराचा प्रश्न उरतो कुठे? तो समजून घेण्यासाठी टपालाच्या हिशेबाकडे जरा बारकाईने पाहावे लागेल. हिशेब रुक्ष आहे, पण त्यातच सगळी मेख आहे.

टपाल खात्याने २०१६-१७ सालासाठी जो हिशेब मांडला, त्यानुसार एका पोस्टकार्डामागे खात्याचा सरासरी खर्च १२ रुपयांहून अधिक होता आणि उत्पन्न ५० पैसे. हा आकडा वर्तमानपत्रांनी ठळकपणे छापला आणि सुशिक्षित मंडळींनी ‘पाहा, किती हा अपव्यय’ म्हणून मान डोलावली. वस्तुतः हा आकडा खरा असूनही फसवा आहे. समजा, एका वाटपाच्या फेरीचा रोजचा खर्च ३०० रुपये आहे. त्या फेरीत ३०० पत्रे असतील तर एका पत्राला एक रुपया पडतो. २५ असतील तर बारा रुपये. पोस्टमनची पायपीट तीच, सायकल तीच, कार्यालयाचे भाडे तेच. पत्र वाढले म्हणून खर्च वाढत नाही, घटले म्हणून कमी होत नाही. म्हणजे बारा रुपये हा कार्डाचा खर्च नव्हे; तो वस्तीपर्यंत रोज एक माणूस पाठवण्याचा खर्च आहे, आणि त्या दिवशी जी काही थोडी पत्रे निघाली त्यांच्या संख्येने तो भागलेला आहे. या भागाकारावरून दर ठरवू लागलो तर काय होईल ते उघड आहे. दर वाढला की पत्रे घटतात, पत्रे घटली की सरासरी खर्च वाढतो, तो वाढला म्हणून पुन्हा दरवाढ. वर्गात मी हे फळ्यावर काढून दाखवीत असे तेव्हा मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी विचारायचा, ‘सर, मग हे थांबतं कुठं?’ थांबते ते सेवा बंद पडते तिथे.

डेन्मार्कमध्ये ते थांबले. २००० साली त्या छोट्या देशात १४० कोटींच्या घरात पत्रे जात. २०२४ मध्ये ती ११ कोटींच्या आसपास आली. २०२४ च्या नव्या कायद्याने प्रत्येक घरी पत्र पोचवण्याचे बंधन काढून टाकले, पत्रांवर कर आला, एका साध्या पत्राला २९ क्रोनर पडू लागले, आणि ३० डिसेंबर २०२५ रोजी तेथील शासकीय टपालसंस्थेने शेवटचे पत्र वाटून १६२४ पासून चालत आलेले काम बंद केले. ब्रिटनने निराळा मार्ग धरला. तेथे २०१३ साली टपाल खाजगी भांडवलाकडे सोपवले. त्या वेळी पहिल्या वर्गाचे तिकीट ६० पेन्सचे होते, एप्रिल २०२५ मध्ये ते १ पौंड ७० पेन्सचे झाले. दोन्ही ठिकाणी पत्रे घटली हे कारण सांगितले गेले आणि ते खोटे नव्हते. पण पत्रे घटल्यावर पुढे काय करायचे, हा निर्णय पत्रांनी घेतलेला नसतो.

गंमत अशी की स्वस्त आणि एकसमान टपालाची कल्पनाही ब्रिटनमधलीच. रोलंड हिल याने १८३७ साली एका पुस्तिकेत दाखवून दिले की, पत्र दूर नेण्याचा खर्च नगण्य असतो. खर्च होतो तो दर वेळी अंतर मोजून हिशेब करण्यात आणि घेणाऱ्याकडून पैसे वसूल करण्यात. म्हणून अंतर कितीही असो, दर एकच ठेवा, आणि तो पाठवणाऱ्याकडून आधीच घ्या. १८४० साली एक पेनीचे तिकीट निघाले आणि पहिल्याच वर्षात पत्रांची संख्या दुपटीहून अधिक झाली. महसूल मात्र बराच काळ पूर्वपदावर आला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ते राष्ट्राने सोसले. आपल्याकडे १८५४ च्या टपाल कायद्याने हेच तत्त्व आणले : पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात, कलकत्त्याला जावो की शेजारच्या तालुक्याला. १ जुलै १८७९ ला पाव आण्याचे कार्ड आले. इंग्रज सरकारला रयतेचा पुळका होता अशातला भाग नाही. स्वस्त टपाल हे राज्य चालवण्याचे आणि व्यापार वाढवण्याचे हत्यार होते. पण हत्यार रयतेच्याही हाती लागले. १९२२ साली त्याच सरकारने कार्डाचा दर दुप्पट म्हणजे अर्धा आणा केला, तेव्हा तो पुन्हा पाव आणा करा ही मागणी मध्यवर्ती विधिमंडळात अर्थसंकल्पाच्या चर्चेत पुढे कित्येक वर्षे होत राहिली. आपली ठराव करण्याची सवय तिथपासूनची आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. टपालातून दोन गोष्टी जात असत. एक निरोप, आणि दुसरी म्हणजे निरोप पाठवल्याचा पुरावा. निरोप आता तारेविना, जवळजवळ विनामूल्य जातो. पुरावा जात नाही. आणि शासनाशी, मालकाशी, सावकाराशी, पतसंस्थेशी किंवा सख्ख्या भावाशी ज्याचा व्यवहार अडलेला असतो, त्याला निरोपाची नव्हे, पुराव्याची गरज असते.

माझ्या परिचयातली एक बाई. नाव आणि गाव सांगत नाही, कारण तिचे प्रकरण अजून मिटलेले नाही. वडील वारल्यावर जमिनीच्या फेरफाराची नोंद भावांच्या नावे होऊ घातली. नोटिशीनंतर पंधरा दिवसांत हरकत घ्यायची असते. सासर दूर, रोज मजुरीवर जाणारी. तिने कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला, पाच रुपयांच्या पाकिटात घालून कार्यालयाच्या नावे पेटीत टाकला आणि निश्चिंत झाली. कार्यालयाचे म्हणणे, असा कागद आमच्याकडे आलेलाच नाही. कदाचित खरोखरच आला नसेल. माझ्याकडे आली तेव्हा तिने एकच प्रश्न केला, ‘सर, कागद गेल्याचा कागद कुठं मिळतो?’ चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला इतका नेमका प्रश्न कधी सुचला नव्हता.

कागद गेल्याचा कागद पूर्वी दोन प्रकारे मिळे. अगदी अल्प पैशांत, पत्र टपालात टाकल्याचा शिक्का मारलेला दाखला मिळत असे. जुन्या कार्यकर्त्यांना तो ‘यूपीसी’ या नावाने चांगला आठवत असेल. युनियनच्या नोटिसा, सभांच्या सूचना, भाडेकरूंची पत्रे यांवर त्याचे शेकडो शिक्के पडलेले आहेत. त्याचा गैरवापर होतो, मागच्या तारखेचे शिक्के मिळवले जातात, अशा तक्रारी होत्या, आणि त्यांत तथ्यही होते. २०११ साली तो दाखलाच बंद झाला. गैरवापर रोखण्याचा हा उपाय म्हणजे ढेकणांसाठी घर जाळणे. उरले रजिस्टर. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट १८९७ च्या २७ व्या कलमाने रजिस्टर पत्राला एक मोठी ताकद दिली आहे : पत्ता योग्य असेल, टपालहशील पूर्ण भरलेले असेल आणि पत्र रजिस्टरने टाकलेले असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचले असे कायदा धरून चालतो. दुबळ्या पक्षाच्या हाती इतके स्वस्त शस्त्र कायद्याने क्वचितच दिले असेल. समोरच्याने ‘मला मिळालेच नाही’ म्हणून हात झटकायचे म्हटले तर ते सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर पडते.

नव्या व्यवस्थेत ही सोय बुडाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्पीड पोस्टाला नोंदणीची जोड दिली की ती तशीच मिळते, पत्र लवकर पोचते, आणि ते कुठवर गेले हे फोनवर पाहता येते. खात्याने ही बाजू मांडली आहे आणि ती खोटी नाही. स्थानिक टपालाला १९ रुपये हा दर आहे, म्हणजे गावातल्या गावात जवळपास जुनाच खर्च येतो, हेही मान्य. पण सामान्य माणसाचे भांडण गावातल्या गावात कागदावर होते कुठे? ते तोंडाने होते. कागद लागतो तो जिल्ह्याच्या कचेरीला, पुण्याच्या आयुक्ताला, मुंबईच्या कंपनीला. तिथे घाई कोणाला असते? जमिनीचा वाद दहा वर्षे चालतो. त्यातला कागद दोन दिवसांत पोचला काय आणि सहा दिवसांत पोचला काय! ज्याला वेग नको, फक्त पावती हवी, त्यालाही वेगाचे पैसे मोजायला लावणे, एवढेच या विलीनीकरणाने त्याच्यासाठी केले आहे.

माहिती अधिकाराचे उदाहरण घ्या. २००५ चा कायदा. महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये. ती मुद्दामच इतकी कमी ठेवली गेली, की फीपायी कोणी मागे सरू नये. आता तो दहा रुपयांचा अर्ज पोचल्याचा पुरावा मिळवायचा तर साठ रुपये. तीस दिवसांत उत्तर आले नाही की पहिले अपील, फी २० रुपये, पुन्हा टपालाचे साठ. मग दुसरे अपील. फीच्या बाजूने उघडलेले दार टपालाच्या बाजूने अर्धे लोटले गेले. संगणकावरून अर्ज करता येतो असे कोणी म्हणेल; येतो, पण ज्याला तो करता येत नाही तो केंद्रावर जाऊन दुसऱ्याला पैसे देतो, आणि साध्या ई-मेलची पोच द्यायला आपल्या कचेऱ्या किती उत्सुक असतात ते कार्यकर्त्यांना सांगायला नको.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेतलेली नाही. जुने रजिस्टर पत्र वजनावर चाले, अंतरावर नाही. निमगावहून इंदापूरला आणि निमगावहून गुवाहाटीला एकच दर. नव्या व्यवस्थेत ५० ग्रॅमपर्यंत, स्थानिक सोडले तर, देशभर एकच दर राखला आहे. पण त्यापुढे अंतर मोजले जाते. ५१ ते २५० ग्रॅमच्या पाकिटाला २०० किलोमीटरच्या आत ५९ रुपये, २००० किलोमीटरच्या पलीकडे ७७. अपिलाचा अर्ज, सोबत सातबारा, आधीचे निकाल, पुरावे असा गठ्ठा केला की ५० ग्रॅम केव्हाच मागे पडतात. अंतराची जी भिंत १८५४ साली पत्रांसाठी पाडली होती, ती १७१ वर्षांनी या एका कोपऱ्यात पुन्हा बांधली गेली, आणि दिल्लीच्या न्यायालयात वा मंत्रालयात दाद मागणाऱ्याला ती अधिक उंच लागते. (अंतराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : १९७२ साली पिनकोडची योजना आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. त्यांच्या योजनेत आमचा इंदापूर तालुका जिल्ह्याने पुण्याचा असूनही पहिल्या तीन आकड्यांनी, म्हणजे ४१३ ने, सोलापूरच्या गटात बसतो. टपालाला जिल्ह्याच्या हद्दी दिसत नसत, रस्ता दिसत असे.)

नव्या दरांत सवलती नाहीत असे नाही. विद्यार्थ्यांना दहा टक्के सवलत आहे, ती स्तुत्य आहे. नव्याने घाऊक टपाल देणाऱ्या ग्राहकांना पाच टक्के आहे. म्हणजे बँक, विमा कंपनी, मोठी कर्जसंस्था यांनी नोटिसांचे ढीग लावले तर त्यांना सूट. त्या ढिगातली एक नोटीस ज्याच्या दारात पडली त्याने उत्तर पाठवायचे तर पूर्ण दर. बाजाराच्या नियमाने हे बरोबरच आहे, घाऊक माल स्वस्त. पण टपाल हा बाजार आहे की शासनसंस्थेने नागरिकाला दिलेली हमी आहे, हाच तर वाद आहे.

तो वाद २०२३ च्या पोस्ट ऑफिस कायद्याने, फारशी चर्चा न होता, एका बाजूने निकालात काढला. १८ जून २०२४ पासून हा कायदा अमलात आला आणि १८९८ चा जुना कायदा गेला. जुन्या कायद्यात पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारचा होता. तो कागदावरच उरला होता हे खरे, कुरियर कंपन्या कधीच्या चालू होत्या. तरी त्यामागे एक तत्त्व होते. शहरातल्या दाट टपालाचे उत्पन्न आणि रानातल्या विरळ टपालाचा खर्च एकाच खिशात राहिले पाहिजेत, म्हणजे एकाने दुसऱ्याला सांभाळता येते. आता एकाधिकार गेला आणि खेड्यापाड्यांत जाण्याची जबाबदारी मात्र खात्याकडेच राहिली. मलई ज्याला त्याला मोकळी, ताक सरकारचे. आमच्याकडे कुरियरचा माणूस वस्तीवर येत नाही. ‘इंदापूरच्या स्टँडवर येऊन घेऊन जा’ असा फोन करतो. पानमळ्यातल्या वस्तीपर्यंत येतो तो पोस्टमनच.

त्या वस्तीपर्यंतच्या पायपिटीचा खर्च फार होतो म्हणणाऱ्यांनी ती पायपीट करणाऱ्याला काय मिळते तेही पाहावे. देशात दीड लाखाहून अधिक डाकघरे आहेत आणि त्यांतली दहात नऊ ग्रामीण. त्यांचा गाडा ओढणारे ग्रामीण डाक सेवक अडीच लाखांच्या घरात आहेत. पूर्वी त्यांना ‘खात्याबाहेरचे’ कर्मचारी म्हणत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे पद हे मुलकी पदच असल्याचा निर्वाळा दिला, पण त्याच निकालात ते नियमित सेवेच्या बाहेरचे आहे असेही म्हटले. आणि त्या ‘बाहेर’ शब्दावर सरकारांनी पुढची जवळपास पाच दशके काढली. कमलेश चंद्र समितीचा अहवाल २०१६ चा. तो लागू व्हावा म्हणून मे-जून २०१८ मध्ये सोळा दिवसांचा संप करावा लागला. तेव्हा चार तासांच्या कामासाठी साध्या डाक सेवकाला दरमहा १०,००० आणि शाखा पोस्टमास्तरला १२,००० रुपये किमान मोबदला ठरला. चार तास हे कागदावर. मोबदल्यावर महागाई भत्ता मिळतो. नियमित कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन मिळत नाही. पत्रे घटली म्हणून या माणसाचे काम घटले, असे समजू नये. १ सप्टेंबर २०१८ ला टपालाची पेमेंट्स बँक निघाल्यापासून तो खाती उघडतो, अंगठे घेतो, वृद्धांना घरपोच पैसे देतो, अल्पबचत गोळा करतो. तेव्हा फेरीचा सगळा खर्च पोस्टकार्डाच्या माथी मारणे, हे हिशेबाच्या दृष्टीनेही बरोबर नाही. एकाच पिशवीत बँक, बचत आणि पत्र असताना फक्त पत्राला तोट्याचा धनी ठरवायचे, याला हिशेब म्हणत नाहीत.

आपल्या साप्ताहिकाचा प्रश्नही यात आहे, म्हणून दोन शब्द. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या ‘साधने’पासून लहानमोठी परिवर्तनवादी नियतकालिके जगली ती वाचकांच्या वर्गणीवर आणि टपालाच्या सवलतीवर. नोंदणीकृत नियतकालिकाच्या ५० ग्रॅमपर्यंतच्या अंकाला २५ पैसे हा दर वर्षानुवर्षे राहिला. २०११ साली पंचवीस पैशांचे नाणेच चलनातून गेले, दर मात्र राहिला. तेव्हा अंक महाग पोचतो ही आपली तक्रार नव्हे. अंक उशिरा पोचतो, कधी दोन एकदम पोचतात, कधी पोचतच नाहीत, ही तक्रार आहे. स्वस्त टपाल आणि रिकामे पोस्ट यांची ही जोडगोळी कार्डाच्या बाबतीतही दिसते. एका पोस्टात मी कार्ड मागितले तेव्हा ‘स्टॉक नाही’ असे उत्तर आले, आणि कार्ड कशाला हवे असेही कुतूहलाने विचारले गेले. जी वस्तू मिळतच नाही तिची किंमत कितीही कमी ठेवता येते.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र थोडे वेगळे घडले, आणि त्यातून शिकण्यासारखे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुकपोस्ट बंद झाले. लहान प्रकाशक आणि वाचक यांनी बरीच ओरड केली. १ मे २०२५ ला ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा निघाली : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १००, कर वेगळा. जुन्यापेक्षा महागच, पण पुस्तकासाठी वेगळा, बिनघाईचा, स्वस्त दर असू शकतो हे खात्याने पुन्हा मान्य केले. पुस्तकाला जे मान्य झाले, ते हरकतीच्या अर्जाला का होऊ नये?

माझे म्हणणे आपल्यातल्या काहींना रुचणार नाही, तरी मांडतो. पोस्टकार्ड दोन रुपयांचे केले तर आपण विरोध करू नये. पन्नास पैशांचे कार्ड ही आता सवलत राहिलेली नाही. ती काचेच्या कपाटातली वस्तू आहे, आणि सरकारला ‘पाहा, आम्ही गरिबाचे कार्ड महाग केले नाही’ असे म्हणायची सोय आहे. आपण कधी एखाद्या प्रश्नावर मंत्र्यांना हजारो कार्डे पाठवण्याची मोहीम काढतो, तिचा खर्च वाढेल एवढेच. त्या बदल्यात मागायचे ते हे : वेगाची अट नसलेली, वजनावर चालणारी, देशभर एकाच दराची नोंदणीकृत सेवा वैयक्तिक नागरिकासाठी पुन्हा सुरू करावी आणि तिचा दर करासह २० रुपयांच्या वर नसावा; टपालात टाकल्याचा दाखला, आता यंत्रावर तारीख-वेळ आपोआप उमटत असल्याने मागच्या तारखेचा धोका उरलेला नाही, तेव्हा तो दोन रुपयांत परत द्यावा; आणि माहिती अधिकाराचे अर्ज व महसुली हरकती यांना विद्यार्थ्यांइतकी तरी सवलत मिळावी. यामुळे खात्याचा तोटा किती वाढेल, असे विचारले जाईल. फेरी तर होणारच आहे. तिच्यात आणखी दहा पाकिटे आली तर खर्च जवळपास तेवढाच राहतो आणि उत्पन्न वाढते, हे वर दाखवलेच आहे.

तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना एक काम सांगतो. आपापल्या गावात गेल्या वर्षभरात कोणी कोणी रजिस्टर वा स्पीड पोस्ट केले, कशासाठी केले, किती पैसे पडले आणि ते परवडत नाही म्हणून कोणी साध्या टपालाने पाठवून फसले का, हे विचारून वहीत उतरवा. पावत्या असतील तर त्यांच्या नकला घ्या. निमगाव आणि भोवतालच्या वस्त्यांवरचे काम मी सुरू केले आहे. पहिल्या चौदा घरांत सहा पावत्या निघाल्या : चार जमिनीच्या, एक कारखान्याच्या सभासदत्वाची, आणि एक पोटगीची.